नव्या आवृत्तीतील दोषाचा माग

वालूर, ता. सेलू, जि. परभणी

चि. भाच्यास,

संगणकभाषेच्या नव्या आवृत्तीवर चालणारा प्रोग्रॅम ‘क्रॅश’ झाला, म्हणजे चूक सांगणारा संदेश दाखवून रीतसर न थांबता मध्येच कोसळला, की नवशिक्याचा संशय आधी स्वतःच्या लेखनावर आणि मग भाषा घडवणाऱ्यांवर जातो. पुराव्यावाचून दोन्ही संशय सारखेच निरुपयोगी असल्याने चिरंजीवाने माग काढण्याची रीत शिकावी आणि त्यासाठी जावा या संगणकभाषेच्या सातव्या आवृत्तीचे, म्हणजे जावा ७ चे, प्रकरण बारकाईने अभ्यासावे.

ओरॅकलने ही आवृत्ती २८ जुलै २०११ रोजी प्रसिद्ध केली आणि लगोलग अपाचे लुसीन या मजकूरशोधाच्या मुक्त प्रकल्पाने ती वापरू नये असा इशारा दिला. लुसीनमधील पोर्टर स्टेमर हा भाग इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटून मूळ रूप काढतो, आणि तोच चालू असताना जावाचे आभासी यंत्र, म्हणजे जावाच्या सूचना प्रत्यक्ष राबवणारा प्रोग्रॅम, कोसळत असे. स्टेमर मात्र निर्दोष होता. विहिरीवरची मोटार पाणी ओढेनाशी झाली तरी दोष अनेकदा खालच्या फूटव्हॉल्व्हमध्ये असतो, तसाच हा प्रकार होता.

आभासी यंत्र सूचना आरंभी एकेक वाचून राबवते आणि एखादा भाग हजारो वेळा चालला की त्याचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करते. त्या रूपांतरात वेग वाढावा म्हणून अ‍ॅरेची, म्हणजे ओळीने मांडलेल्या मूल्यांची, मर्यादा तपासण्याचे काम लूपच्या प्रत्येक फेरीत न करता लूपच्या आधी एकदाच उरकले जाते. जावा ७ मध्ये या उलथापालथीत मूल्य वाचण्याची क्रिया तिच्या रक्षक तपासणीच्याही पुढे सरकू शके, आणि मग यंत्र आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात घालताच कार्यप्रणाली त्याला बंद पाडे. छोट्या चाचणीत सारे सुरळीत दिसून मोठ्या कामात घात का होतो, याचे उत्तर यातच आहे.

म्हणून चिरंजीवाने प्रथम कोसळणे हुकमी घडवून आणावे, आणि नंतर प्रोग्रॅममधील एकेक भाग काढत तो इतका लहान करावा की आणखी एक ओळ काढल्यास दोष नाहीसा होईल. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. पुढे ‘-एक्सइंट’ हा पर्याय देऊन रूपांतर पूर्ण बंद करावे; कोसळणे थांबले तर संशय रूपांतरकावर, म्हणजे कंपायलरवर, केंद्रित होतो, आणि मग त्याच्या वेगासाठीच्या सुधारणा एकेक करून बंद करता येतात. स्टेमरचे कोसळणे ‘यूज लूप प्रेडिकेट’ ही, म्हणजे मर्यादा-तपासणी लूपच्या आधी उरकणारी, एकच सुधारणा बंद केल्याने थांबत असे. भाषेचा मूळ स्रोत हाती असेल तर दोन आवृत्त्यांमधील बदल निम्मे-निम्मे करून तपासावेत. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो.

कोसळण्याला मात्र फार भिऊ नये. त्याच आवृत्तीतील लूपविषयक दुसरा दोष यंत्र न पाडता चुकीची उत्तरे देई, आणि त्यामुळे शोधसूची गुपचूप बिघडण्याचा धोका होता. असा दोष दिसतच नसल्याने तो अधिक घातक ठरतो. दोन्ही दोषांची दुरुस्ती ऑक्टोबर २०११ मधील ‘अपडेट १’ मध्ये आली. दोष कळवताना आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, कार्यप्रणाली, लहान केलेला प्रोग्रॅम आणि कोसळताना यंत्राने लिहून ठेवलेली नोंदफाइल एवढे जोडावे. रागाचा मजकूर जोडू नये.