मूठ दिसते, नळी नाही

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो, अमेरिकन नागरिक आहे. रोज कपड्यांखाली बाळगण्यासाठी कोणतं पिस्तूल घ्यावं? दुकानदार म्हणतो, सर्वांत छोटं घ्या.

उत्तर : दुकानदाराचं ऐकून घाई करू नका. कपड्यांतून नळी सहसा दिसत नाही, मूठ दिसते. वाकलात की टी-शर्टवर तिचा कोपरा उमटतो. ग्लॉक 19 मध्ये 15 गोळ्या मावतात, नेमही चांगला बसतो. 2018 साली आलेलं सिग पी365 त्याहून जवळपास दोन सेंटिमीटर बुटकं, बारीक, आणि 10 गोळ्यांचं. सडपातळ माणसाला मी हेच आधी हाताळायला सांगतो. पण हलकं पिस्तूल जास्त झटका देतं आणि करंगळीला पकड मिळाली नाही तर दुसरी गोळी भलतीकडे जाते. म्हणून रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन किमान शंभर गोळ्या झाडून बघा, मगच ठरवा.

होल्स्टरवर कंजुषी नको. तो कडक हवा, ट्रिगर पूर्ण झाकणारा. पिस्तूल परत आत सरकवताना शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये अडकलं तर गोळी थेट मांडीत जाते. ती हालचाल सावकाश, बघून करा.

1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये 21 वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याची सक्ती नाही. तरी परवाना काढाच, इतर अनेक राज्यांत तो चालतो. एच-1बी व्हिसावरच्या मित्राच्या हाती मात्र हे पिस्तूल देऊ नका. अपवाद वगळता संघीय कायद्याने त्याला मनाई आहे.

घरात मूल असेल तर तिजोरी आधी, पिस्तूल नंतर.