टिकलीखालचा पांढरा डाग

प्रश्न : माझी आई कित्येक वर्षं चिकटवायची टिकली लावते. आता टिकलीच्या जागी, बरोबर तेवढाच गोल पांढरा डाग पडला आहे. खाज नाही, आग नाही. शेजारच्या बायका कोड म्हणतात. टिकलीचा रंग बदलून पाहिला, फरक पडला नाही. हे कशामुळे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रंग बदलून फरक पडणार नाही, कारण पहिला संशय टिकलीमागच्या गोंदावर घ्यायला हवा. टिकली घामातही निघू नये म्हणून अशा गोंदात फिनॉलपासून केलेली राळ वापरली जाते. ती बनवताना पॅरा-टर्शियरी-ब्युटिलफिनॉल, थोडक्यात पीटीबीपी, हे रसायन थोडे सुटे राहून जाते. टिकलीच्या गोंदातल्या या सुट्या पीटीबीपीमुळे कपाळ पांढरे पडते, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 1990 मध्येच शोधनिबंधात मांडले आहे.

त्वचेतल्या रंगपेशी टायरोसीनपासून मेलॅनिन बनवतात. पीटीबीपीची रचना टायरोसीनशी मिळतीजुळती असते. त्यामुळे पेशीतले विकर त्याच्यावरही काम करू लागते आणि त्यातून तयार होणारी विषारी द्रव्ये त्या पेशीलाच मारतात. यात अ‍ॅलर्जी असायलाच हवी असे नाही. म्हणूनच खाज नाही, पुरळ नाही, आणि डाग दिसेपर्यंत कुणाला काही कळत नाही. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत पीटीबीपी घालायला बंदी आहे. आपल्याकडे टिकलीच्या पाकिटावर गोंदात काय आहे हे सहसा छापलेलेच नसते. रोज दिवसभर कपाळाला चिकटून राहणाऱ्या वस्तूबद्दल हे मला अजिबात मान्य नाही.

टिकली आजच बंद करा, फक्त ब्रँड बदलू नका. गोंद तोच असू शकतो. डाग लवकर लक्षात आला तर रंग पुष्कळदा परत येतो, पण त्याला महिने लागतात. कधी डाग पसरतो, टिकली कधीच न लागलेल्या जागीही उमटतो. म्हणून आईंना त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. खरोखरच कोड आहे का, हे तेच पाहून सांगू शकतील. आणि कोड निघाले तरी ते स्पर्शाने पसरत नाही, हे शेजारणींना जरूर सांगा. गरज वाटली तर डॉक्टर पाठीवर पॅच टेस्ट करतील: पट्ट्या 48 तास ठेवून मग त्वचा तपासतात.

टिकलीऐवजी कुंकू चालेल का, असे आई विचारतील. डाग भरेपर्यंत कपाळ मोकळेच ठेवावे. बाजारातल्या काही कुंकवांतले रंगही अ‍ॅलर्जी करतात, त्यात मात्र कातडी काळवंडते.

हीच राळ चपला-बुटांच्या आणि घड्याळाच्या चामडी पट्ट्याच्या गोंदातही असते. आईंच्या पायावर किंवा मनगटावर पट्ट्याच्या आकाराचे फिकट डाग आहेत का, ते डॉक्टरांकडे जाण्याआधी पाहून ठेवा. असतील तर त्या चपला आणि तो पट्टाही सोबत न्या.