धामच्या खोऱ्यातील भूगोल

इयत्ता तिसरीच्या वर्गात जिल्ह्यातील नद्या विचारल्या असता मुले वर्धा, वेणा, धाम, बोर, यशोदा ही नावे एका दमात म्हणून दाखवितात. परंतु गावाशेजारचा नाला यांपैकी कोणत्या नदीस मिळतो, असे विचारताच वर्ग गप्प होतो. खोऱ्याचा पाठ त्या नाल्यापासूनच सुरू करावा.

आर्वी, कारंजा व सेलू या तालुक्यांतील डोंगराळ पट्ट्यात सातपुड्याच्या रांगांचे फाटे आले आहेत. तेथून निघालेली धाम आग्नेयेस वाहते. पवनारवरून पुढे गेल्यावर बोर तिला मिळते, ती वेणेस व वेणा वर्धा नदीस. वरच्या बाजूस जमीन उथळ व मुरमाड, तिच्यावर साग आणि गवत. खाली उतरावे तसतशी काळी माती खोल होत जाते व कपाशी, तूर, सोयाबीन दिसू लागतात. तळाला छिद्रे पाडलेल्या दोन डब्यांत मुरूम व काळी माती भरून दोहोंवर सारखेच पाणी ओतावे. मुरमातून ते झरझर निघून जाते, काळी माती धरून ठेवते. गवत कोठे व कापूस कोठे, याचे उत्तर मुले स्वतःच देतात.

मुरमाड भागात शेती बेताची, म्हणून गुरे. नंदगवळी समाजाने जोपासलेली गवळाऊ गाय याच पट्ट्यातील. पांढरी, सडपातळ, चालण्यास चपळ. स्कॉटलंडच्या उत्तरेस हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांतही शेती थोडी व गुरे मुख्य असत. तेथील लोक पूर्वी उन्हाळ्यात गुरे घेऊन वरच्या कुरणांवर जात आणि झोपड्या बांधून राहत. तेथील गुरांच्या अंगावर लांब केस, आपल्या गवळाऊचे केस आखूड. असे का, हे वर्गास अवश्य विचारावे.

एक आठवण येथे सांगणे प्राप्त आहे. शिक्षक असताना माझ्या वर्गात गवळ्याचा एक मुलगा होता. नदीचा उजवा काठ कोणता, हे त्यास सांगता येईना; मी त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा लिहिला. पुढे एकदा वर्ग नाल्याकाठी नेला. कोणत्या डोहात चैत्रातही पाणी राहते, कोणत्या उतारावरचे गवत आधी वाळते, हे तो चालता चालता सांगत होता. शेरा मी त्याच सायंकाळी खोडला. पण वर्ष सरत आले होते, आणि जूनमध्ये तो शाळेत आला नाही. गुरांमागे गेला, असे कळले.

आता ती गुरेही कमी झाली आहेत. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. वाघ राखणे आवश्यकच. परंतु चराईवर बंधने आली म्हणजे गवळ्याच्या घरी काय होते, हेही याच पाठात यावे. शिक्षकांनी ते टाळू नये.

सहल कार्तिकात काढावी. तेव्हा पूर ओसरलेला असतो व पाणी वाहते असते. निघण्यापूर्वी गावातील एखाद्या वृद्ध गवळ्यास सोबत येण्याची विनंती करावी. वाटेत प्रथम त्यांना बोलू द्यावे व टिपणवही गुरुजींनी स्वतःच्या हाती ठेवावी.