ट्रायपॉड घेताय? आधी एसओएमची वही काढा



हॉस्टेलमध्ये कोणाकडे कॅमेरा आला, मग तो नवा असो की सेकंडहँड, की महिन्या-दोन महिन्यांत तो पोरगा एक प्रश्न घेऊन रूमवर येतोच. "दादा, ट्रायपॉड कोणता घेऊ? मजबूत पाहिजे, पण हलका पाहिजे." तिसरी अट तो बोलत नाही, पण आपल्याला कळते. स्वस्तही पाहिजे! मग बहुतेक जण काय करतात? खोक्यावर "भारक्षमता ८ किलो" असं छापलेलं सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतात आणि वर्षभरात दुसरा ट्रायपॉड शोधायला लागतात. घरून येणाऱ्या पैशात हे दोनदा परवडत नाही, म्हणून हा लेख.

ट्रायपॉड लागतो तरी कशाला? आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर पहिलं उत्तर लोणार. मेहकरला उतरून लोणारची गाडी पकडली की तासाभरात आपण बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेल्या त्या विवराच्या काठावर असतो. या काठापासून त्या काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर. आता छोटं गणित करा. २०० मिमीची लेन्स आहे, सेन्सरवरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा आहे. ४ मायक्रॉन भागिले २०० मिमी म्हणजे २० मायक्रोरेडियन. समोरच्या काठावर हा एक पिक्सेल सुमारे साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो, म्हणजे तिथल्या झाडाची फांदीसुद्धा वेगळी दिसायला हवी. पण त्यासाठी शटर उघडं असेपर्यंत कॅमेरा २० मायक्रोरेडियनपेक्षा जास्त वळता कामा नये. कॅमेऱ्याच्या मधल्या अक्षापासून पाच सेंटिमीटर दूरचा कोपरा फक्त १ मायक्रॉन सरकला की तुमचा पिक्सेल गेला! माणसाचा केस याच्या पन्नास-साठ पट तरी जाड असतो.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात घ्या. "किती किलो पेलतो" हा आपला प्रश्नच नाही. ८ किलो ठेवल्यावर ट्रायपॉड मोडत नाही ही झाली स्ट्रेंग्थ. आपल्याला हवा आहे स्टिफनेस, म्हणजे वाऱ्याने किंवा बोटाच्या धक्क्याने तो किती कमी वाकतो, किती कमी पिळतो आणि हललाच तर किती लवकर शांत होतो. दुसरं असं की हा छापील आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही, जो तो आपापल्या हिशोबाने छापतो. मी स्वतः त्याचा एक तृतीयांश धरतो आणि पुढे जातो.

आता एसओएम. पातळ भिंतीच्या गोल नळीचा वाकण्याला असलेला विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वजन मात्र व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढतं. भिंतीची जाडी तीच ठेवून २५ मिमीच्या नळीऐवजी २८ मिमीची घेतली तर वजन १२ टक्के वाढतं आणि ताठपणा ४० टक्के. इतका फायद्याचा सौदा आपल्याला इतर कुठे मिळत नाही! पिळाच्या बाबतीतही हेच गणित लागू पडतं.

पण दुकानदार नेहमी वरची, जाड नळी दाखवतो. आपण खालची बघायची. पायाचे टप्पे एकात एक सरकतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला व्यास साधारण ३ मिमीने कमी होतो. चार टप्प्यांचा पाय २८ पासून सुरू झाला तर २५, २२ आणि शेवटी १९. या १९ मिमीच्या नळीचा ताठपणा वरच्या नळीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पाच टप्प्यांचा असेल तर शेवटी १६ मिमी, म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही. साखळी जिथे कमजोर तिथेच ती हलणार. उलट तीन टप्प्यांचा २५ मिमीचा पाय २५, २२, १९ असा जातो. म्हणजे शेवटची नळी तीच, एक लॉक कमी, वजन कमी, किंमतही बहुतेक वेळा कमी. घडी केल्यावर तो थोडा लांब राहतो एवढंच. एसटीच्या रॅकवर साठ-पासष्ट सेंटिमीटरची वस्तू सहज बसते, तेव्हा माझं मत सरळ आहे: विमानाने फिरत नसाल तर तीन टप्पे.

उंचीचं काय? लोक म्हणतात, सहा फुटांचा पाहिजे. कशाला? तुमची उंची १६५ सेंटिमीटर असेल तर डोळा दीडशेच्या थोडा वर असतो. हेड आणि कॅमेरा मिळून पंधरा-वीस सेंटिमीटर खातात. म्हणजे मधला दांडा न उचलता पाय १३५ पर्यंत गेले की काम झालं. स्क्रीन बघून फोटो काढणाऱ्याला त्याहून कमी चालतं. मधला दांडा म्हणजे तीन पायांच्या डोक्यावर उभा केलेला कॅन्टिलिव्हर. कॅन्टिलिव्हरचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं हे फर्स्ट इयरनंतर कोणाला सांगायला नको. दांडा १५ ऐवजी ३० सेंटिमीटर उचलला की तो आठपट वाकतो. जाहिरातीतली "कमाल उंची" या दांड्यासकट दिलेली असते, म्हणून दांडा खाली असतानाची उंची विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर टेप लावा.

अ‍ॅल्युमिनियम की कार्बन? गिट्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचे पाय बाजारात आणले, तेव्हापासून हा वाद चालू आहे. कार्बन हलका, कंपन लवकर विझवणारा आणि थंडीत हाताला न बोचणारा. पण त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही कमीत येतो, आणि कार्बनने वजन वाचतं ते साधारण पाव हिश्श्याने. विद्यार्थ्याने ते पैसे चांगल्या हेडवर घालावेत असं माझं म्हणणं. काही जण वजनाचा फार बाऊ करतात. लोणारच्या काठावरून तळ्यापर्यंतचा उतार उभ्याने मोजला तर १४० मीटर धरू. अर्धा किलो जास्त वजन तेवढं वर चढवायला लागणारी ऊर्जा, स्नायूंची कार्यक्षमता धरूनही, एका ग्लुकोज बिस्किटाच्या दहाव्या भागाइतकीसुद्धा नाही! खांदा मात्र गणित मानत नाही, हेही खरं. त्यामुळे पाय आणि हेड मिळून दीड ते दोन किलो ही मला मधली जागा वाटते. एक किलोच्या खालचा आणि तरी पूर्ण उंचीचा स्वस्त ट्रायपॉड कोणी दाखवला तर नमस्कार करून निघा.

सिव्हिलवाल्यांना सर्व्हे लॅबमधला लाकडी ट्रायपॉड माहीत आहे. थिओडोलाइटखाली तो का ठेवतात? लाकूड कंपन छान विझवतं, पाय दोनच टप्प्यांचे आणि मधला दांडा नाहीच. मजबुतीचा नमुना बघायचा तर तो बघा. त्याच्यावर कॅमेरा लावायला जाऊ नका, आटे वेगळे असतात आणि लॅब असिस्टंट चिडतात ते वेगळंच.

आता हेड. वरच्या मजल्यावर पैसे वाचवले तर खालचे पाय कितीही ताठ असले तरी उपयोग नाही. स्वस्त ट्रायपॉडमध्ये प्लास्टिकचं हेड पायांना कायमचं जोडलेलं असतं, ते घेऊच नका. हेड सुटं होणारं हवं. पायांवरचा स्क्रू सहसा तीन सुताचा म्हणजे ३/८ इंची असतो आणि कॅमेऱ्याखालचा १/४ इंची. ही मापं आयएसओ १२२२ मध्ये ठरलेली आहेत, त्यामुळे एका कंपनीचे पाय आणि दुसरीचं हेड बिनदिक्कत जमतं. बॉल हेड लहान, हलकं आणि झटपट. तीन दांड्यांचं पॅन-टिल्ट हेड जड आणि बॅगेत अडकणारं, पण इमारत सरळ धरायची तर एका वेळी एकच अक्ष हलवता येतो, हे सुख मोठं आहे. व्हिडिओवाल्यांनी फ्लुइड हेडच घ्यावं.

बॉल हेड तपासायची एक साधी रीत आहे. सगळ्यात लांब लेन्स लावा, फ्रेमच्या मधोमध एक खूण धरा, नॉब घट्ट करा आणि हात सोडा. खूण खाली सरकली की हेड परत द्या. प्लेट आर्का-स्विस पद्धतीची, म्हणजे ३८ मिमी रुंदीच्या तिरक्या कडांची, असली तर पुढे कोणतंही हेड घेतलं तरी चालून जातं. लोणारला दैत्यसूदन मंदिराच्या आत अंधार असतो आणि छतावर कोरीव काम आहे. तिथे कॅमेरा सरळ वर बघायला हवा, म्हणून बॉलच्या खोबणीत कॅमेरा पूर्ण ९० अंश झुकतो का तेही बघून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, विवराचा भाग अभयारण्य आहे. दोन्हीकडे आधी विचारून मगच पाय उघडावेत.

दुकानात काय करायचं? पाय पूर्ण उघडा, दांडा खाली ठेवा, वरची तबकडी दोन्ही हातांनी धरून पिळा. तिथे खडखड किंवा ढिलाई जाणवली की समजा पाय जिथे एकत्र येतात तो सांधा कच्चा आहे. मग प्रत्येक पायावर जोर द्या, लॉक घसरायला नको. याहून चांगली परीक्षा मोबाइलने होते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे. फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा, अ‍ॅक्सेलरोमीटर चालू करा, एका पायाला टिचकी मारा. स्क्रीनवर विझत जाणारी लाट दिसते, व्हायब्रेशनच्या पुस्तकातल्या आकृतीसारखी. आम्ही हॉस्टेलच्या व्हरांड्यात दांडा खाली ठेवून आणि वर काढून हे करून पाहिलं, तर दुसऱ्या लाटेची शेपूट डोळ्यांना दिसेल इतकी लांब होती. एक पोरगा म्हणाला, "राजेहो, हे तर प्रॅक्टिकलमध्ये घ्याले पाहिजे." आमच्या सरांना पटलं की नाही माहीत नाही!

वापरतानाचं थोडक्यात सांगतो. १/६० ते १ सेकंद या शटर वेगांना कंपन सगळ्यात जास्त दिसतं. तिथे दोन सेकंदांचा टायमर लावा, जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. दांड्याच्या हुकला बॅग टांगायची तर ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर वाऱ्यात तिचा लंबक होतो. हॉस्टेलच्या गच्चीवर तारे टिपताना पाण्याची मोटर बंद होऊ द्या आणि पोरांना स्लॅबवर चालू देऊ नका. कपाशीच्या शेतात ओल्या काळ्या मातीत पाय हळूहळू रुततो, तीस सेकंदांच्या फोटोत तेही उमटतं. तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले की भागतं.

एक गोष्ट मात्र खास लोणारची. तळ्याचं पाणी खारं आणि अल्कलीयुक्त, पीएच १० च्या आसपास. जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं ते हेच पाणी. अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर अशा अल्कलीत टिकत नाही, मग धातूच खाल्ला जातो. कार्बनवाल्यांनी निवांत राहू नये, त्यांचे लॉक आणि कॉलर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचेच असतात, आणि खाऱ्या पाण्यात कार्बनला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम गॅल्व्हॅनिक क्रियेने आणखी लवकर झिजतं. काठावरचा चिखल पायांना लागला तर सोबतच्या बाटलीतल्या गोड्या पाण्याने तिथेच धुवा. रूमवर आल्यावर लॉक उघडून नळ्या बाहेर काढा, बादलीत खळबळून सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय पाय परत आत सरकवू नका.