अक्राळविक्राळ चित्रांनी दिलेलं शहाणपण

राक्षसांची, भुताखेतांची, अघटित प्राण्यांची चित्रं मला मनापासून आवडतात. घरच्यांना ती अभद्र वाटतात. मला मात्र चित्रकाराचं काळीज तिथेच सगळ्यात उघडं दिसतं. जळगाव-धुळ्यात आणि खानदेशच्या वेशीवर ही कला पाहताना जे उमगत गेलं, ते असं:

१. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं.
अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात जो तो पद्मपाणीपुढे उभा राहतो आणि माघारी फिरतो. गाभाऱ्याआधीच्या दालनात, डाव्या भिंतीवर, मोहाचा अधिपती मार आपलं सैन्य घेऊन बुद्धावर चालून आलाय, तिकडे फारसं कुणी वळत नाही. मंद उजेडात आधी नुसते तांबूस-करडे डाग दिसतात. मग त्यांतून वटारलेले डोळे, विचकलेले दात, उगारलेली शस्त्रं एकेक करून पुढे येतात. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने राक्षसांचा नुसता घोळका रंगवून वेळ मारून नेली नाही. ज्याचा त्याचा राग वेगळा. मधली बसलेली आकृती तेवढी निश्चल. हा गोंगाट भोवती नसता, तर तिची शांतता मला इतकी पटली नसती.

सव्विसाव्या लेण्यात हाच प्रसंग दगडात आहे. तिथे हत्तीवरून आलेला मार खाली हिरमुसून बसलेलाही दिसतो. हरलेल्यालाही असं मन देणाऱ्या त्या शिल्पकाराला मी दर वेळी हात जोडते.

२. भीती देखण्या चेहऱ्याआड ठेवावी.
सतराव्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा आहे. जहाज फुटतं, व्यापारी बेटावर लागतात, तिथल्या सुंदर स्त्रिया त्यांना आसरा देतात. त्या असतात राक्षसिणी. चित्रकार त्यांचा शृंगारही रंगवतो आणि माणसं खातानाचं रूपही, तेवढ्याच निगुतीने. मोकळ्या केसांच्या त्या राक्षसिणींपेक्षा मला त्यांची आर्जवी रूपंच जास्त घाबरवतात.

३. काळ्याला कमी लेखू नये.
अजिंठ्यातल्या निळ्यासाठी लाजवर्द दूर अफगाणिस्तानाकडून आला. काळ्याला दिव्याची काजळी पुरली.

४. अद्भुताला जागा थोडी लागते.
चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा मोठा काळ स्टेशनजवळच्या आपल्या घरातच काढला. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला वाटावं की समोर अख्खं जग आहे. त्यांचे फोटो काही भुतांचे नाहीत. पण सावली कशी वाकवावी, हे ज्याला भयाची चित्रं काढायची आहेत त्याने त्यांच्याकडूनच शिकावं.

५. अंगावरचं चित्र भिंतीवरच्याइतकंच मानाचं.
सातपुड्यातल्या आदिवासी होळीत बुध्या, म्हणजे नवस-व्रत धरलेले पुरुष, अंगभर राखेचे ठिपके आणि पट्टे ओढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरू. काहीजण काळे रंगून येतात. आगीच्या उजेडात ओळखीचा माणूस अनोळखी होतो. ही रंगरंगोटी नवसाची आहे, व्रताची आहे. तिला ‘गमतीदार वेश’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

६. जे पाहायचं ते लवकर पाहावं.
मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवायला आले आणि वर्षानुवर्षं तिथेच राबले. त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये ते वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळात आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. उरली ती मूळ भिंत, आणि तिचेही पोपडे सुटताहेत. मुलं घाबरतील म्हणून त्यांना मारसेनेपासून दूर ठेवू नका. जळगावाहून पहूर-फर्दापूर मार्गे सकाळी निघालं की उन्हं चढायच्या आत पोचता येतं. सोमवारी लेणी बंद असतात.