माहिती कोठें शोधावी?

बियाणें व मासळी आपण होळीच्या बाजारांत एका दुकानीं मागत नाहीं. संगणकावर मात्र सर्व प्रश्न एकट्या गूगलला घालतों, आणि उत्तराऐवजीं पुष्कळदां औषधांच्या जाहिराती पदरीं पडतात.

वसईच्या राजेळी केळीचेंच घ्या. तिची सुकेळी आतां थोड्याच घरीं वाळविली जाते. जुनी माहिती हवी असल्यास 'इंटरनेट आर्काइव्ह' या ग्रंथसंग्रहांत १८८२ सालचें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर उघडावें. ग्रंथ इंग्रजी असल्यानें 'वसई' शब्दानें तेथें कांहीं हातीं लागत नाहीं. रोमन लिपींत 'बसीन' व 'प्लँटेन' असें घालावें. जुना साहेब ज्या नांवानें लिही, त्याच नांवानें शोधावें लागतें!

रोगाचा शोध शास्त्रीय नांवानें घ्यावा. केळीच्या मर रोगाची बुरशी 'फ्युझेरियम'. हें नांव रोमन लिपींत 'कृषिकोशां'त घातल्यास आपल्या कृषि विद्यापीठांतील प्रबंध निघतात, आणि जागतिक अन्न व कृषि संघटनेच्या 'अ‍ॅग्रिस' सूचींत परदेशचे लेख. प्रयोग कोठें झाला तें मात्र आधीं पाहावें. जळगांवच्या काळ्या जमिनींतला निष्कर्ष आपल्या खाऱ्या वाऱ्याच्या वाडीस जसाच्या तसा लागू पडत नाहीं.

बाजारभावासाठीं 'अ‍ॅगमार्कनेट' आहे; तेथील भाव क्विंटलचा, डझनाचा नव्हे.

भौगोलिक मानांकनाची नोंदवही चेन्नईच्या कार्यालयाची असून तीहि संगणकावर पाहतां येते. तींत डहाणू-घोलवड चिकूची २०१६ सालची नोंद आहे. मालास मानांकन मिळवूं इच्छिणाऱ्यांनीं तिचे कागद आधीं वाचावे. हद्द कशी आंखली व पुरावे कोणते जोडले, हें त्यांवरून कळेल.