तीन शक्ती आणि आपली साधना

॥ जय गुरुदेव ॥


मागच्या गुरुवारी शारीरिक, भावनिक आणि सामाजिक शक्तीचा विषय निघाला, पण आरतीची वेळ झाली म्हणून अर्धाच राहिला. या आठवड्याचा पाठ त्यावरच घेतला आहे. नेहमीसारखा दोनदा वाचावा, एकदा मनात आणि एकदा घरात कोणाला तरी ऐकवून.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. ज्या ताईंची गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहीत आहोत. नाव मात्र कोणी विचारू नये.

या ताईंच्या सासूबाई घरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. मिस्टर लूमच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी. ताई घरी बसून साड्यांना लेस लावतात. दिवसभर ते काम, आणि रात्री सासूबाईंची कूस बदलायला, पाणी द्यायला तीन-चारदा उठणं. एका गुरुवारी त्या म्हणाल्या, "जपाला बसलं की डुलकीच लागते. मन लागत नाही. माझी श्रद्धा कमी झाली का हो?" आम्ही पडलो अनुभवी! कोणी म्हणालं, एक माळ वाढवा. कोणी म्हणालं, पहाटे चारला उठून बघा, मन आपोआप लागतं. ताईंनी मान हलवली आणि पुढचे पाच गुरुवार त्या आल्याच नाहीत. आम्ही हजेरीच्या वहीत पाच वेळा 'गैरहजर' लिहिलं. फोन कोणीच केला नाही. सहाव्या आठवड्यात आमच्यातल्या एकीला त्या भाजी घेताना भेटल्या आणि रस्त्यातच रडल्या.

त्यांची श्रद्धा होती तिथेच होती. कमी झाली होती ती झोप. आणि झोप कमी असलेल्या बाईला आम्ही अजून लवकर उठायला सांगितलं होतं!

तर तीन शक्तींचा अभ्यास इथून सुरू होतो. शारीरिक शक्ती म्हणजे झोप, जेवण, श्वास, हातापायांतला जोर. भावनिक शक्ती म्हणजे मनाची उभारी, दुःख सोसायची आणि सांगायची ताकद. सामाजिक शक्ती म्हणजे आपल्यामागे कोण उभं आहे आणि आपण कोणामागे उभे आहोत. गंमत अशी की एक रिकामी झाली की ती दुसरीचं रूप घेऊन येते. झोप झाली नाही तर चिडचिड होते आणि आपण म्हणतो स्वभाव बिघडला. बोलायला कोणी नसलं की अंग जड होतं आणि आपण म्हणतो अशक्तपणा आला, मग टॉनिकची बाटली आणतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी ध्यानाविषयी सांगताना खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागरण या सगळ्याचं प्रमाण सांगितलं आहे. फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला योग साधत नाही. आम्ही तो अध्याय कितीदा वाचला असेल, पण ताईंना सल्ला देताना आठवला नाही.

या तिन्ही शक्ती एका माणसात पाहायच्या तर संत गाडगेबाबांकडे पाहावं. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. लहानपणी वडील गेले, मामाच्या घरी गुरं राखली, शेतात राबले. पुढे घर सोडलं आणि १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत गावोगाव फिरत राहिले. गावात आले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं, रात्री त्याच गावात कीर्तन. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तरं वदवून घेत, हसवत आणि रडवत. आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र झोपडीत राहिले. शरीर, भाव आणि समाज, तिन्ही एकाच दिवसाच्या कामात.

त्यांचा जो दशसूत्री संदेश आपण भिंतींवर वाचतो, त्याचा क्रम नीट पाहा. भुकेल्याला अन्न पहिलं. मग पाणी, वस्त्र. पुढे शिक्षण, आसरा, औषध, रोजगार. दुःखी आणि निराश माणसाला हिंमत द्यायची, हे येतं सगळ्यात शेवटी. शेवटी म्हणजे ते कमी महत्त्वाचं असं आम्हाला वाटत नाही. पोटात अन्न आणि डोक्यावर छप्पर नसताना दिलेली हिंमत टिकत नाही, एवढं बाबांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही ताईंच्या बाबतीत यादी उलटीकडून वाचली.

अजून एक. मुलगा गेल्याची बातमी आली तरी बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, ही गोष्ट आपण फार सांगतो. खरं म्हणजे ती त्यांची गोष्ट आहे, दुसऱ्याच्या घरी दुःखाच्या वेळी जाऊन ऐकवायची नाही.

आपल्या खान्देशात तर हे शिकवायला पुस्तक लागत नव्हतं. जातं आठवा. दोघी समोरासमोर, खुंट्याला दोघींचे हात, आणि माहेरचं, सासरचं, मनातलं सगळं ओवीतून बाहेर. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरुणपणीच वैधव्य आलं, पण काम करता करता त्या गात राहिल्या. त्यांची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली छापून आली. आता पीठ गिरणीतून येतं. कष्ट कमी झाले ते चांगलंच झालं, जातं परत आणा असं कोणी म्हणू नये. पण समोर बसणारी तीही गेली.

सुरतेत तिची उणीव जास्त जाणवते. आपल्यातले बरेच जण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळच्या गाडीने इथे आलो. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या एका खोलीत संसार मांडले. गावची भाऊबंदकी कितीही नावं ठेवली तरी रात्री हाक मारली की येत होती. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ आली तेव्हा लाखो माणसं शहर सोडून गेली. ज्यांना जाता आलं नाही त्यांना कळलं की शेजार म्हणजे काय. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणी वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेनच्या स्वयंपाकघरात राहिल्या. तिची खिचडी, आमची मिरची, एकच शेगडी. तेव्हा कोणाची हजेरी घेतली नव्हती, पण कोण आलं नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

आता ताईंचं. आठवड्यातून तीन रात्री आमच्यापैकी एक जण त्यांच्याकडे झोपायला जाते, म्हणजे सासूबाईंजवळ जागायला. पहिल्या रात्री ताईंना झोपच येईना, सारखं उठून बघायच्या. दुसऱ्या वेळी सलग सहा तास झोपल्या. मागच्या गुरुवारी त्या आल्या होत्या. मागे बसल्या, एक माळ केली, वाढीव नाही. श्रद्धेचा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हीही नाही.

या आठवड्याचा अभ्यास : झोपण्याआधी वहीत तीन ओळी लिहायच्या. आज किती तास झोप झाली आणि जेवण वेळेवर झालं का. आज मनातलं कोणाजवळ बोललो. आज कोणाला मदत मागितली. 'केली' नाही, 'मागितली'. तिसरी ओळ बऱ्याच जणींची कोरी राहील, आमचीही राहते. कोरी राहिली तर कोरीच ठेवावी, खोटं लिहू नये. वही गुरुवारी आणावी.

हजेरीच्या वहीत आता 'गैरहजर'च्या पुढे एक रकाना वाढवला आहे : फोन कोणी केला.

ताईंकडे शनिवारच्या रात्रीसाठी अजून कोणी ठरलेलं नाही. ज्यांना जमेल त्यांनी इथे ग्रुपवर न लिहिता सेवेकरी ताईंना फोन करावा, कारण त्याही याच ग्रुपवर आहेत.

॥ जय गुरुदेव ॥